मिसिसिपी आणि रिडो : ऑन्टारिओतील नदीकाठच्या लहान गावांची घडण

कॅनडाची राजधानी ओटावा सोडून नैर्ऋत्येला किंवा दक्षिणेला तासभर गाडी चालवली, की राखाडी चुनखडीच्या दगडात बांधलेली लहान लहान गावे लागतात. आल्माँट, पॅकनम, कार्लटन प्लेस, पर्थ, स्मिथ्स फॉल्स आणि मेरिकविल ही त्यांतली काही नावे. ओटावा-टोरोंटो भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे शनिवार-रविवारी येथे येतात, धबधब्यापाशी छायाचित्रे काढतात, जुन्या गिरणीतल्या कॉफीच्या दुकानात बसतात आणि संध्याकाळी परततात. या गावांचे रूप देखणे आहे यात शंका नाही. परंतु येथे जे जे देखणे दिसते, ते जवळजवळ सगळेच एके काळी कष्टाचे, धंद्याचे किंवा भांडणाचे ठिकाण होते. गिरणी, बंधारा, पूल, गढी आणि रेल्वे स्थानक या वास्तू सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांची नुसती यादी होते. नदी कोठे आणि किती फूट खाली उतरते हे लक्षात घेऊन पाहिल्या, तर त्या तेथेच का उभ्या राहिल्या याचा उलगडा होतो.

आधी भूगोल पाहू. येथील मिसिसिपी म्हणजे अमेरिकेतील सुप्रसिद्ध महानदी नव्हे. ऑन्टारिओची मिसिसिपी ही सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची, मॅझिनॉ सरोवराच्या परिसरात उगम पावून ओटावा नदीला मिळणारी एक मध्यम आकाराची नदी आहे. तिच्या दक्षिणेकडून वाहणारी रिडो नदीही ओटावा नदीलाच मिळते. दोन्ही नद्या ‘कॅनेडियन शील्ड’ या अतिप्राचीन, कठीण खडकाच्या प्रदेशाच्या कडेने वाहतात, आणि त्यामुळे त्यांचा उतार एकसारखा नाही. बरेच अंतर पाणी संथ सरोवरासारखे पसरलेले असते आणि मग अचानक खडकाच्या पायऱ्यांवरून ते खळाळत खाली येते. ज्याला होडी न्यायची आहे, त्याच्या दृष्टीने अशी पायरी हा अडथळा असतो. ज्याला चाक फिरवायचे आहे, त्याच्या दृष्टीने तीच पायरी फुकटची शक्ती असते. या भागातील गावे बहुतेक अशा पायऱ्यांवरच वसली, आणि त्यांचा पुढचा इतिहास या दोन दृष्टींच्या ओढाताणीत घडला.

युरोपीय लोक येण्यापूर्वी हा सगळा प्रदेश अल्गॉन्क्विन अनिशिनाबे लोकांचा होता. नदी हाच त्यांचा रस्ता होता, आणि धबधबा आला की बर्च झाडाच्या सालीची हलकी होडी खांद्यावर घेऊन ते काठाने पुढे जात. पुढे गिरण्या उभ्या राहिल्या त्या बहुधा याच उतरण्याच्या जागांवर. ही जमीन ब्रिटिशांच्या हाती कशी गेली, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. १८१९ च्या ‘रिडो खरेदी’चा व्यवहार सरकारने मिसिसॉगा या दुसऱ्या मूळनिवासी समाजाशी केला, अल्गॉन्क्विनांशी नव्हे. अल्गॉन्क्विनांनी आपल्या हक्कांसाठी १७७२ पासून अर्ज-विनंत्या केल्या आणि केंद्र व प्रांत सरकारांशी त्यांचा तत्त्वतः करार झाला तो थेट २०१६ मध्ये. अंतिम तह त्यानंतरचा टप्पा आहे. गावोगावच्या माहितीफलकांवर ‘पहिले वसाहतकार’ असे शब्द दिसतात, तेथे हे लक्षात ठेवलेले बरे.

वसाहतीच्या मागे एक भीती होती. १८१२ ते १८१४ या काळात ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध झाले आणि मॉन्ट्रियलहून किंग्स्टनकडे जाणारी सगळी रसद सेंट लॉरेन्स नदीतून न्यावी लागत होती. त्या नदीचा काही भाग हीच दोन देशांची सीमा असल्यामुळे अमेरिकी तोफांच्या माऱ्यात तो मार्ग कधीही बंद पडू शकत होता. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी दोन उपाय योजले. सेवामुक्त सैनिकांना सीमेपासून आत जमिनी देऊन वसवायचे, हा पहिला; त्यातून १८१६ मध्ये टे नदीवर पर्थ हे गाव वसले. दुसरा उपाय अधिक मोठा होता : ओटावा नदीपासून किंग्स्टनपर्यंत देशाच्या आतून जाणारा एक जलमार्ग बांधायचा. तोच रिडो कालवा.

रिडो कालव्याचे काम १८२६ मध्ये लेफ्टनंट कर्नल जॉन बाय या लष्करी अभियंत्याकडे सोपवण्यात आले आणि १८३२ च्या मे महिन्यात २०२ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खणून काढलेला सरळ पाट येतो. रिडो कालवा तसा नाही. २०२ किलोमीटरपैकी प्रत्यक्ष खणलेला भाग सुमारे १९ किलोमीटरच आहे; उरलेला मार्ग म्हणजे मूळच्या नद्या आणि सरोवरेच आहेत. बाय यांनी खळाळाच्या शेजारून पाट खणत बसण्याऐवजी खळाळाच्या खालच्या अंगाला बंधारा घातला. बंधाऱ्यामागे पाणी चढले, वरचे खडक त्यात बुडाले आणि होड्यांना पुरेल इतके खोल, संथ पाणी तयार झाले. आता अडचण उरली ती फक्त बंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पातळीतील फरकाची, आणि त्यासाठी लॉक बांधण्यात आले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दारे असलेली दगडी खोली. होडी आत घ्यायची, मागचे दार लावायचे, झडपा उघडून वरचे पाणी आत सोडायचे. पाण्याबरोबर होडी वर येते, पुढचे दार उघडते आणि ती निघून जाते. उतरताना हाच क्रम उलटा. यात पंप लागत नाही, सगळे काम गुरुत्वाकर्षण करते. बहुतेक ठिकाणी आजही ही दारे आणि झडपा कर्मचारी हाताने चरक फिरवून चालवतात, आणि ते पाहत काठावर उभे राहण्यात अर्धा तास सहज जातो. २००७ मध्ये युनेस्कोने या कालव्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

या कामाची किंमत माणसांनी मोजली. मजुरांत आयरिश आणि फ्रेंच-कॅनेडियन लोकांचा भरणा होता, दगडकामाला स्कॉटिश गवंडी होते. सुमारे एक हजार माणसे दगावली असे मानले जाते आणि त्यांतील बऱ्याच जणांचा बळी हिवतापाने घेतला. बर्फाच्या देशात मलेरिया ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटते; पण येथील उन्हाळा चांगला उष्ण असतो, दलदलीत ॲनॉफिलिस जातीचे डास मुबलक होते आणि बांधकामावर आलेल्या माणसांच्या रक्तातून रोगाचे जंतू त्यांना मिळत गेले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काम जवळजवळ बंद पडे. खुद्द बाय यांनाही या तापाने गाठले होते. खर्च आठ लाख पौंडांच्या वर गेल्याचे पाहून लंडनने त्यांना परत बोलावून जाब विचारला; हव्या त्या सन्मानाविनाच १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने वसलेले बायटाउन पुढे १८५५ मध्ये ओटावा झाले.

मेरिकविलची सर्वांत ठळक वास्तू अमेरिकी हल्ल्याच्या त्या भीतीचीच खूण आहे. विल्यम मेरिक हे अमेरिकन क्रांतीनंतर ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहून उत्तरेला आलेल्यांपैकी एक. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी येथील धबधब्यावर गिरण्या उभारल्या, म्हणजे कालवा येण्यापूर्वीच गाव होते आणि त्याला ‘मेरिक्स मिल्स’ म्हणत. बाय यांनी येथे तीन लॉक बांधले आणि त्यांच्या रक्षणासाठी १८३२ मध्ये एक ब्लॉकहाउस, म्हणजे लहानशी गढी, उभारली. तिचा खालचा मजला जाड दगडी भिंतींचा आहे आणि वरचा मजला लाकडी असून तो चारी बाजूंनी थोडा बाहेर आलेला आहे. भिंतीला येऊन भिडलेल्या शत्रूवर वरून थेट गोळी झाडता यावी, हा त्या बाहेर आलेल्या भागाचा हेतू. कालव्यावर अशा अनेक गढ्या योजल्या होत्या, प्रत्यक्षात मोजक्याच झाल्या, आणि त्यांत मेरिकविलची सर्वांत मोठी. अमेरिकी सैन्य कधीच आले नाही. गढीत पुढे लॉकवरचा अधिकारी सहकुटुंब राहिला, आणि आज तेथे संग्रहालय आहे. लष्करी कालव्यावर प्रत्यक्षात धान्य, लाकूड आणि वसाहतकार यांचीच वाहतूक झाली. आणि १८४० च्या दशकाअखेर सेंट लॉरेन्सवरील कालवे पुरे झाल्यावर मोठी मालवाहतूक तिकडे वळली. मला तर वाटते, रिडो कालवा आज जवळजवळ मूळ रूपात उभा आहे तो त्याच्या या अपयशामुळे. यशस्वी कालवे रुंद केले जातात, त्यांची दारे बदलली जातात. हा तसाच राहिला.

मिसिसिपीवर मात्र होडीसाठी कोणी लॉक बांधले नाहीत. तेथे धबधबा धबधबाच राहिला आणि चाके फिरवू लागला. १८२०-२१ मध्ये ग्लासगो आणि लॅनार्कशायर येथून स्कॉटिश कुटुंबांचे मोठे तांडे या भागात आले. त्यांच्यात हातमागावरचे विणकर पुष्कळ होते. युद्धानंतरची मंदी आणि यंत्रमागांची स्पर्धा यांमुळे त्यांच्या पोटावर पाय आला होता, आणि सरकारी मदतीने प्रत्येक कुटुंबाला शंभर एकर जमीन मिळणार होती. जमीन मिळाली, पण तिच्यात माती कमी आणि दगड जास्त. पुढे आल्माँटमध्ये लोकरीच्या गिरण्या निघाल्या तेव्हा याच परगण्यातील मुले-मुली यंत्रमागांवर कामाला लागली. ज्या यंत्राने आजोबांना देशोधडीला लावले, त्याच यंत्रावर नातवंडांनी पगार मिळवला.

आल्माँटला नदी एकापाठोपाठ एक अशा प्रपातांनी उतरते, त्यामुळे एकाच गावात अनेक गिरण्यांना आपापली वेगळी पायरी मिळाली. सुरुवातीला येथे डॅनियल शिपमन यांची लाकूड चिरण्याची आणि दळणाची गिरणी होती. १८५० च्या दशकात गावाने मेक्सिकोचे सेनापती हुआन आल्मोन्ते यांचे नाव घेतले. मेक्सिको त्या काळी अमेरिकेशी भांडत होता आणि अमेरिकेबद्दलचा संशय कॅनडातही ताजा होता. १८५९ मध्ये रेल्वे आली. आयर्लंडहून आलेले जेम्स रोझामंड यांनी आपला लोकरीचा धंदा शेजारच्या कार्लटन प्लेसहून येथे हलवला होता आणि त्यांच्या मुलांनी १८६० च्या दशकात नदीकाठी मोठी दगडी गिरणी बांधली. मॉन्ट्रियलचे कापड व्यापारी जॉर्ज स्टीफन, जे पुढे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे पहिले अध्यक्ष झाले, यांचे भांडवल तिच्यात होते. लोकर धुणे, पिंजणे, कातणे, विणणे आणि रंगवणे ही सगळी कामे एका छपराखाली होत. पाण्याचा उपयोग येथे दुहेरी होता : चाकाला शक्ती आणि लोकर धुण्या-रंगवण्याला मऊ पाणी. वापरलेले पाणी अर्थात पुन्हा नदीतच जाई.

या धंद्याचे दैव केवळ नदीच्या हाती नव्हते. १८७९ मध्ये जॉन मॅकडोनल्ड यांच्या सरकारने आयात मालावर जबर जकात बसवली तेव्हा आल्माँटची भरभराट झाली. १८९७ पासून पंतप्रधान लॉरिए यांच्या सरकारने ब्रिटिश मालाला जकातीत सवलत दिली तेव्हा यॉर्कशायरचे स्वस्त कापड येऊन थडकले आणि कॅनडाच्या लोकरी गिरण्यांची पडझड सुरू झाली. तरीही रोझामंड गिरणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तग धरून राहिली. तिच्या मुख्य इमारतीत आता सदनिका आहेत आणि जोडइमारतीत मिसिसिपी व्हॅली टेक्स्टाइल म्युझियम आहे. गिरणगावाचे पुढे काय होते हे मुंबईच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. फरक एवढाच, की येथे जमिनीला परळसारखा भाव नव्हता, म्हणून पाडापाडीची घाईही झाली नाही. आल्माँटचा प्रपात आजही कामावर आहे. त्यावर लहान जलविद्युत केंद्र चालते.

लाकडाचा धंदा मिसिसिपीवर लोकरीहूनही जुना आहे, आणि त्यातून उभा राहिलेला एक खटला कॅनडाच्या राज्यघटनेच्या इतिहासात अजरामर झाला. तो जरा सविस्तर पाहू.

हिवाळ्यात जंगलात झाडे तोडायची, ओंडके गोठलेल्या नदीकाठी रचून ठेवायचे आणि वसंतात बर्फ वितळून पूर आला की ते पाण्यात ढकलून द्यायचे, अशी त्या काळची पद्धत होती. पण धबधब्यावरून ओंडके सोडले की ते खडकावर आपटून फुटत किंवा अडकून त्यांचा डोंगर साचे. म्हणून पीटर मॅकलॅरन या बड्या लाकूड व्यापाऱ्याने मिसिसिपीच्या वरच्या भागात पुष्कळ पैसा ओतून बंधारे घातले आणि ओंडके सरकत खाली यावेत असे लाकडी उतार बांधले. त्याच्या वरच्या अंगाला बॉइड कॉल्डवेल या दुसऱ्या व्यापाऱ्याची जंगले होती. कॉल्डवेलने आपले ओंडके याच उतारांवरून सोडायचे ठरवले आणि मॅकलॅरनने त्याला अडवले. मॅकलॅरनचे म्हणणे असे : काठाची जमीन माझी, बांधकाम माझे, आणि माझ्या बांधकामावाचून येथून ओंडका जाऊच शकत नव्हता; मग परक्याने ते का वापरावे? कॉल्डवेलचे म्हणणे असे : नदी सगळ्यांची आहे, तीवर बांधकाम केले म्हणून ती कोणाची खाजगी मालमत्ता होत नाही, आणि १८४९ चा कायदा सर्वांना सर्व प्रवाहांतून लाकूड वाहून नेण्याची मुभा देतो.

कनिष्ठ न्यायालयाने मॅकलॅरनच्या बाजूने कौल दिला. तेव्हा ऑन्टारिओचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, ऑलिव्हर मोवाट यांनी १८८१ मध्ये विधिमंडळात एक कायदाच संमत करून घेतला : अशी बांधकामे कोणालाही वापरता येतील, मात्र मालकाला वाजवी मोबदला द्यावा लागेल. कॅनडाच्या १८६७ च्या घटनेनुसार केंद्र सरकारला कोणताही प्रांतिक कायदा ठरावीक मुदतीत नामंजूर करून रद्द ठरवता येत असे. पंतप्रधान मॅकडोनल्ड यांनी हा अधिकार वापरला आणि कायदा खाजगी मालमत्तेवर घाला घालतो असे कारण दिले. मॅकलॅरन मॅकडोनल्ड यांच्या पक्षाचा आणि कॉल्डवेल मोवाट यांच्या पक्षाचा, ही गोष्टही सर्वांना ठाऊक होती. मोवाट यांनी तोच कायदा पुन्हा संमत केला. केंद्राने पुन्हा रद्द केला. तिसऱ्यांदाही तेच झाले. मूळ खटला तोवर ओंडक्यासारखाच आपटत चालला होता : ऑन्टारिओच्या अपील न्यायालयात कॉल्डवेल जिंकला, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात मॅकलॅरन, आणि अखेर १८८४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कॉल्डवेलच्या बाजूने अंतिम निकाल दिला. हिंदुस्थानातील खटल्यांचाही शेवटचा दरवाजा तेव्हा हाच होता. निकालानंतर ऑन्टारिओने कायदा चौथ्यांदा केला आणि या वेळी केंद्राने त्याला हात लावला नाही.

स्थानिक प्रश्नांवर कायदा करण्याचा अधिकार प्रांताचा की ओटावाचा, या मोठ्या लढाईतील ही एक निर्णायक चकमक ठरली, आणि पुढे केंद्राचा नामंजुरीचा अधिकार हळूहळू वापरातून गेला. १९४३ नंतर तो वापरला गेलेला नाही. मॅकलॅरन १८९० मध्ये सिनेटर झाला. एवढ्या मोठ्या प्रकरणाचे मूळ नदीच्या काही फुटांच्या उतारावर बांधलेल्या लाकडी घसरणीत होते, आणि तिचे नाट्यमय स्मारक म्हणावे असे आज काठावर फारसे काही नाही.

स्मारक म्हणून लोक पाहायला जातात तो पॅकनमचा पूल. आल्माँटच्या खाली, याच नदीवर, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बांधलेला हा पाच कमानींचा दगडी पूल उत्तर अमेरिकेत एकमेव मानला जातो. लोखंडी पूल स्वस्त आणि सोयीचे झाले होते अशा काळात येथे दगड निवडला गेला. वसंतातील पुराबरोबर येणारे बर्फाचे प्रचंड तुकडे आणि ओंडके पुलाच्या खांबांवर धडकतात, त्यांच्यापुढे हा दगड शतकभर टिकला. खांबांना प्रवाह येतो त्या बाजूला निमुळती टोके दिलेली आहेत, ती बर्फ फोडण्यासाठी. १९८४ मध्ये आजच्या जड वाहनांसाठी पुलाला आतून मजबुती देण्यात आली, पण बाहेरून त्याचे रूप राखले गेले. त्याच्याकडे रस्त्यावरून नव्हे, खाली काठावर उतरून पाहावे.

आल्माँटचा आणखी एक वारसा गिरणीशी संबंधित नाही, तरी तो सांगायला हवा. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ मध्ये गावाजवळच्या शेतावर झाला. लहानपणीच आई-वडील गेले आणि मामाच्या घरी ते वाढले. तेथील मुले मोठ्या शिळेवर ठेवलेला दगड दुसऱ्या दगडाने पाडण्याचा खेळ खेळत. त्यात जोराने फेकण्यापेक्षा अलगद उंच फेकलेला दगड अधिक नेमका बसतो, हे नेस्मिथ यांच्या मनात राहिले. आणि १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हिवाळ्यासाठी बंदिस्त खेळ शोधताना त्यांनी टोपली डोक्याच्या वर, आडवी टांगली. गावाच्या मुख्य रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे. शेजारचेच शिल्पकार आणि डॉक्टर रॉबर्ट टेट मॅकेंझी हे त्यांचे मित्र होते. मॅकेंझींनी १९३० मध्ये एक पडकी पीठगिरणी घेऊन तिचे उन्हाळी घर केले, आणि ‘मिल ऑफ किंटेल’ नावाच्या त्या घरात आता दोघांचीही संग्रहालये आहेत.

स्मिथ्स फॉल्सची कथा मात्र या सगळ्यांहून खडबडीत आहे. येथे कालवाही होता आणि धबधबाही, पण गाव मोठे झाले ते रेल्वेमुळे, कारण कॅनेडियन पॅसिफिकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला आपले विभागीय केंद्र केले. कालव्यावरून जाणारा रेल्वेचा उचलता पूल आज कायमचा उभा करून ठेवलेला आहे, आणि जुन्या स्थानकात रेल्वे संग्रहालय आहे. १९६० च्या दशकात हर्शी कंपनीने येथे चॉकलेटचा कारखाना काढला, तो २००८ च्या अखेरीस बंद झाला आणि शेकडो नोकऱ्या गेल्या. त्याच इमारतीत पुढे गांजाची कायदेशीर लागवड करणारी कंपनी आली, तिचा फुगा फुटला, आणि २०२३ मध्ये हर्शीने आपलाच जुना कारखाना पुन्हा विकत घेतला. पर्यटकांच्या पुस्तिकेत या इमारतीला गिरणीच्या पडक्या भिंतींएवढे स्थान मिळत नाही. माझ्या मते ती तितकीच पाहण्याजोगी आहे, कारण मेरिकविल किंवा आल्माँटच्या बाबतीत शंभर वर्षांत जे घडले, ते येथे आपल्या डोळ्यांदेखत घडले.

पाहायला जायचे असेल तर ऋतू विचारात घ्यावा. कालव्याचे लॉक साधारण मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतात आणि उरलेले महिने दारे बंद असतात. आल्माँटचा प्रपात आणि पॅकनमचा पूल यांच्यासाठी मात्र एप्रिल उत्तम. बर्फ वितळून नदी तेव्हा भरलेली असते आणि पुलाच्या निमुळत्या टोकांचे काम प्रत्यक्ष दिसते. ऑगस्टमध्ये त्याच जागी खडक उघडे पडलेले असतात आणि नदी किती पायऱ्यांनी उतरते, ते सहज मोजता येते.